डिस्क अर्धी रिकामी, तरी मायएसक्यूएल म्हणतं जागा नाही : दर एप्रिलचं दुखणं

एप्रिल लागला की नागपुरात ऊन चाळिशी ओलांडतं आणि आमच्या लाइनीतल्या लोकांचे फोन सुरू होतात. मजकूर थोड्याफार फरकाने एकच, "भाऊ, नवीन वर्ष उघडून राहिलो तर एरर येऊन राहिला, डिस्क फुल म्हणते, अन् डिस्क तर अर्धी रिकामी आहे." मग कोणीतरी क्लाउडवर डिस्क वाढवतो, कोणी रिस्टार्ट मारतो, काही दिवस बरं चालतं, आणि पुन्हा तेच, नाहीतर थेट पुढच्या एप्रिलला तेच. फोनवर तुकड्यातुकड्यात सांगून सांगून कंटाळा आला म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

आधी हे होतं कोणाला ते बघा. इतवारीतल्या होलसेलवाल्यांचं बिलिंग, कळमना मार्केटमधल्या अडत्यांच्या पट्ट्या, कोचिंग क्लासेसची फी, असली सॉफ्टवेअरं जे लोक एकाच सर्व्हरवर बऱ्याच क्लायंटसाठी चालवतात त्यांना. यातल्या बहुतेकांचं डिझाइन जुनं आहे, प्रत्येक क्लायंटला मायएसक्यूएलमध्ये वेगळा डेटाबेस, आणि प्रत्येक आर्थिक वर्षाला टेबलांचा नवीन संच, म्हणजे बिल्स_२०२४_२५, बिल्स_२०२५_२६ अशी नावं. एक एप्रिलला ऑपरेटर "नवीन वर्ष" बटण दाबतो आणि सगळ्या क्लायंटची मिळून हजारो टेबलं एका दिवसात तयार होतात. म्हणून एप्रिल. व्हायरस नाही, हॅकिंग नाही, होस्टिंगवाल्याची बदमाशी तर नाहीच नाही.

हिशोब करून बघू. समजा ३०० क्लायंट, वर्षाला प्रत्येकी ६० टेबलं, आणि सॉफ्टवेअर ८ वर्षं जुनं. ३०० गुणिले ६० गुणिले ८, झाली १,४४,००० टेबलं. मायआयसॅम इंजिन (मायएसक्यूएलची टेबलं साठवायची जुनी पद्धत) असेल तर एका टेबलाच्या तीन फाइली, एक स्ट्रक्चरची, एक डेटाची, एक इंडेक्सची. म्हणजे ४,३२,००० फाइली. त्यात कोणीतरी "सेफ्टी म्हणून" डेटा फोल्डरच्या दोन कॉप्या त्याच डिस्कवर मारून ठेवलेल्या असतातच, त्या धरून १२,९६,०००. आता २० जीबीची डिस्क ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टीम) मध्ये फॉरमॅट केली की डिफॉल्टने दर १६,३८४ बाइट्समागे एक आयनोड (एका फाइलीला लागणारी एक नोंद) मिळतो, म्हणजे २० जीबीला १३,१०,७२० आयनोड. वजाबाकी करा. ऑपरेटिंग सिस्टीम, पीएचपी, लॉग, सगळ्यांना मिळून पंधरा हजारही उरत नाहीत, आणि इतक्यात लिनक्सचं स्वतःचंच भागत नाही. पण ही टेबलं लहान लहान असतात, बरीचशी तर रिकामीच, त्यामुळे जीबीमध्ये बघितलं तर डिस्क खरंच अर्धी रिकामी दिसते. यार्डात माल उतरवायला भरपूर जागा आहे पण पावतीबुकच संपलं, तसा प्रकार आहे हा. ईएक्सटी४ मध्ये हे पावतीबुक फॉरमॅट करतानाच छापलं जातं, नंतर पानं वाढत नाहीत.

आता शोधायचं कसं. सगळ्यात पहिले एररचा नंबर वाचा, पूर्ण वाचा, स्क्रीनशॉटमध्ये अर्धा कापून पाठवू नका. मायएसक्यूएलच्या मेसेजमध्ये कंसात एररकोड असतो. २८ असेल तर जागा संपली, २४ असेल तर उघड्या फाइलींची मर्यादा संपली. ही दोन पूर्ण वेगळी दुखणी आहेत आणि लोक दोन्हीवर डिस्क वाढवण्याचंच औषध देतात. नंबर समजला नाही तर पीएरर नावाची छोटी कमांड मायएसक्यूएलसोबतच येते, तिला नंबर दिला की अर्थ सांगते.

२८ आला तर मेसेजमध्ये फाइलीचा पाथ आहे का बघा. टेम्प फोल्डरचा पाथ असेल तर डेटाची डिस्क तपासून उपयोग नाही, टेम्प बऱ्याच सर्व्हरवर वेगळ्या पार्टिशनवर नाहीतर रॅममध्ये असतं, आणि एखादा मोठा रिपोर्ट सॉर्ट करताना तेवढंच भरतं. पाथ डेटा फोल्डरचा असेल तर डीएफ कमांड (डिस्क किती भरली ते सांगते) दोनदा चालवा, एकदा साधी आणि एकदा आय हा फ्लॅग लावून. दुसऱ्या वेळी वापराची टक्केवारी १०० दिसली की चोर सापडला, आयनोड संपलेत. ती टक्केवारी कमी आहे पण पहिल्या वेळी "उपलब्ध" च्या कॉलममध्ये शून्य आहे आणि एकूण वजा वापरलेली केली तर काही जीबी शिल्लक दिसतात, तर ते ५ टक्के राखीव आहेत, ईएक्सटी४ डिफॉल्टने तेवढी जागा रूट यूजरसाठी बाजूला ठेवतं, आणि मायएसक्यूएल रूट म्हणून चालत नाही त्यामुळे त्याला ती मिळत नाही. हे राखीव प्रमाण ट्यून२एफएस ने कमी करता येतं, चालू डिस्कवरही. फक्त डेटासाठी वेगळी डिस्क असेल तर १ टक्का पुष्कळ झाला.

आयनोड संपलेत हे कळल्यावर लगेच डेटाबेसवर राग काढू नका. डीयू कमांडला आयनोड्स हा ऑप्शन लावून कुठल्या फोल्डरमध्ये किती फाइली आहेत ते मोजा. बरेचदा अर्धा माल पीएचपीच्या सेशन फाइलींचा निघतो. डिस्ट्रो, म्हणजे उबुंटूसारखं लिनक्स, आपल्या ठरलेल्या सेशन फोल्डरची सफाई स्वतः करत असतं, पण अ‍ॅपच्या कोडमध्येच कोणी सेशनचं फोल्डर बदलून ठेवलं असेल तर तिकडे झाडू कोणी मारत नाही, आणि वर्षानुवर्षं लॉगिन करणाऱ्या प्रत्येक माणसाची एक एक फाइल तिथे पडून राहते. त्या काढताना आरएम ला स्टार देऊ नका, "आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग" म्हणून नकार देईल, फाइंड ला डिलीट हा ऑप्शन लावून काढा. आणि त्या फोल्डरमध्ये साधं एलएस मारून "हँग झाला हँग झाला" करू नका, हँग नाही झाला, ते सगळी नावं सॉर्ट करून राहिलंय. एलएस ला छोटा एफ फ्लॅग लावा, सॉर्ट न करता भराभर दाखवतं.

आता हे वारंवार काहून येतं? डिस्क वाढवली की फाइल सिस्टीमही वाढवावी लागते, आणि ईएक्सटी४ वाढताना नव्या भागात त्याच जुन्या प्रमाणात नवे आयनोडही येतात. म्हणून डिस्क वाढवल्यावर खरंच बरं वाटतं. पण २० ची ४० जीबी केलीत तर ते बिल तुम्ही फाइली मोजायला भरताय, डेटा ठेवायला नाही. पुढच्या एप्रिलला ३०० क्लायंट गुणिले ६० टेबलं गुणिले तीन, अजून ५४,००० फाइली, आणि कॉप्या वेगळ्या.

"मग इनोडीबी करू का सगळं?" हा पुढचा प्रश्न ठरलेला, इनोडीबी म्हणजे मायएसक्यूएलचं दुसरं इंजिन. करा, मायआयसॅम आता सोडायलाच पाहिजे, पण डोळे उघडे ठेवून करा. मायएसक्यूएल ५.६ पासून इनोडीबीमध्ये प्रत्येक टेबलाची वेगळी आयबीडी फाइल हेच डिफॉल्ट आहे. ५.७ मध्ये प्रत्येक टेबलाच्या दोन फाइली होतात, एक स्ट्रक्चरची एफआरएम आणि एक डेटा-इंडेक्सची आयबीडी. ८.० मध्ये एफआरएम गेली, स्ट्रक्चर डेटा डिक्शनरीत गेलं, तर एकच उरते. म्हणजे फाइलींचा आकडा खाली आला, खूश. पण रिकाम्या टेबलाची आयबीडी ५.७ मध्ये ९६ केबीची असते, ८.० मध्ये ११२ केबीची, आणि त्यावर प्रत्येक जास्तीच्या इंडेक्सला अजून एक १६ केबीचं पान. १,४४,००० ला ११२ केबीने गुणा, १५ जीबीच्या वर जातं, आणि आत एक ओळ डेटा नाही. २० जीबीच्या डिस्कवर हे करायला गेलात तर आयनोडचं दुखणं जाईल आणि खरोखरची डिस्क भरेल, तेही कन्व्हर्जन अर्ध्यात असताना. आधी गुणाकार, मग ऑल्टर टेबल.

एररकोड २४ चं प्रकरण वेगळं आहे आणि मला विचाराल तर जास्त छळणारं, कारण ते कधी येतं कधी जातं. एक बारकी गोष्ट दाखवतो. सर्व्हर सुरू झाल्यावर मायएसक्यूएलच्या एरर लॉगच्या अगदी वरच्या ओळी वाचा. तिथे "चेंज्ड लिमिट्स" अशी वॉर्निंग सापडते, मॅक्स ओपन फाइल्स १०२४, मागितले होते ५०००, आणि तिच्याच आसपास, टेबल ओपन कॅश (किती टेबलं उघडी ठेवायची तो आकडा) ४३१, मागितलं होतं २०००. कोणीच वाचत नाही या ओळी, कारण त्या वॉर्निंग आहेत, एरर नाहीत. पण सगळी गोम तिथेच आहे. लिनक्सने प्रोसेसला १०२४ फाइली उघडायची परवानगी दिली, मायएसक्यूएलने त्यातून १० स्वतःला ठेवल्या, १५१ कनेक्शनसाठी ठेवल्या, उरलेल्या ८६३ ला दोनाने भागलं, आले ४३१. तुम्ही कॉन्फिगमध्ये टेबल ओपन कॅश कितीही मोठं लिहा, ते असं गपचूप कापलं जातं.

मग लोक काय करतात, नेटवर बघून लिमिट्स डॉट कॉन्फ मध्ये मोठा आकडा टाकतात, रिस्टार्ट करतात, आणि काहीच फरक पडत नाही. पडणार कसा, ती फाइल लॉगिन करणाऱ्या यूजरसाठी आहे, सिस्टमडी (लिनक्समध्ये सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्राम) ने सुरू केलेली सर्व्हिस तिकडे बघतच नाही. सिस्टमसीटीएल एडिट करून सर्व्हिसच्या ओव्हरराइडमध्ये लिमिट एनओफाइल वाढवा, डिमन रीलोड, मग रिस्टार्ट. त्यानंतर माय डॉट सीएनएफ (मायएसक्यूएलच्या सेटिंगची फाइल) मध्ये ओपन फाइल्स लिमिट आणि टेबल ओपन कॅश. आणि झालं का ते अंदाजाने नाही, प्रॉक फोल्डरमध्ये त्या प्रोसेसच्या नंबरखाली लिमिट्स नावाची फाइल असते, ती उघडून डोळ्यांनी बघा. ती म्हणेल ते खरं.

किती ठेवायचं? दीड लाख टेबलं आहेत म्हणून दीड लाख नका टाकू, प्रत्येक उघडं टेबल रॅम खातं. गर्दीच्या वेळी ओपन्ड टेबल्स हा स्टेटस दोनदा बघा, मध्ये एखादा मिनिट जाऊ द्या. आकडा धडाधडा वाढत असेल तर कॅश कमी पडतोय, दर वेळी जुनं टेबल बंद करून नवं उघडणं चाललंय. थोडं थोडं वाढवा, पुन्हा बघा. मायआयसॅममध्ये अजून एक गंमत, पाच जणांनी एकच टेबल एकाच वेळी वापरलं तर डेटा फाइल पाच वेळा उघडली जाते, इंडेक्सची फाइल तेवढी सामाईक असते. त्यामुळे टेबलं मोजून उघड्या फाइली मोजता येत नाहीत.

२४ बहुतेक वेळा रात्री येतो, बॅकअपच्या वेळी. मायएसक्यूएलडंप डिफॉल्टने एका डेटाबेसची सगळी टेबलं एकदम लॉक करतो, म्हणजे एकदम उघडतो, आणि "आउट ऑफ रिसोर्सेस व्हेन ओपनिंग फाइल" म्हणून मरतो. इनोडीबी असेल तर सिंगल ट्रान्झॅक्शन ऑप्शन लावा. सकाळी सगळं ठीक दिसतं म्हणून कोणाला पत्ता लागत नाही की बॅकअप कित्येक दिवसांपासून अर्धाच बनून राहिला. डंप फाइलीच्या शेवटच्या ओळीत "डंप कम्प्लीटेड" लिहिलंय का ते बघायची सवय लावा, एका टेल कमांडचं काम आहे.

बाकी बारीकसारीक. ५.७ वर पीएचपीमायअ‍ॅडमिन उघडलं की डावीकडची यादी फिरत बसते, कारण इन्फर्मेशन स्कीमा विचारताना तेव्हा एकेक टेबलाची फाइल उघडून माहिती काढली जायची, ८.० मध्ये डिक्शनरीतून येते म्हणून बरंच सुसह्य आहे. मे महिन्यात दुपारी लाईट गेली, यूपीएसने दम सोडला आणि सर्व्हर आडवा पडला, तर उठताना ८.० सगळ्या आयबीडी फाइलींचे पाथ तपासत बसतं, साध्या हार्ड डिस्कवर लाखभर फाइली असतील तर इतका वेळ जातो की माणूस वैतागून पुन्हा पॉवर बटण दाबतो. दाबू नका! ८.०.२१ पासून ही तपासणी बंद करायचं सेटिंग आहे, इनोडीबी व्हॅलिडेट टेबलस्पेस पाथ्स, पण फाइली हाताने इकडेतिकडे हलवल्या असतील तर बंद करू नका.

अजून कोणाकडे ईएक्सटी३ वरचं जुनं मशीन चालू असेल, आणि असतं, तर तिथे एका फोल्डरमध्ये ३१,९९८ च्या वर सबफोल्डर होत नाहीत. मायएसक्यूएलमध्ये एक डेटाबेस म्हणजे एक फोल्डर, त्यामुळे तेवढेच डेटाबेस. एरर ३१ येतो, "टू मेनी लिंक्स". आपल्यासारख्यांना ३०० क्लायंटला हे लागत नाही, फुकट ट्रायलला प्रत्येकी एक डेटाबेस वाटणाऱ्यांना लागतं.

आणि एक खास आपल्याकडचं. काही हौशी लोक टेबलांची नावं मराठीत ठेवतात, छान आहे, पण मायएसक्यूएल डिस्कवर फाइलीचं नाव लिहिताना देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ॲटचं चिन्ह अधिक चार हेक्स आकडे असं लिहितं, म्हणजे एका चिन्हाला पाच बाइट, आणि यात काना मात्रा वेलांटीही वेगळी मोजायची. फाइलीच्या नावाची मर्यादा २५५ बाइट. नियमाप्रमाणे टेबलाचं नाव ६४ चिन्हांचं चालतं, पण देवनागरीत साधारण पन्नाशीच्या पुढे गेलात की फाइल सिस्टीमच नाही म्हणते. "शेतकरीनिहाय_मालआवक_व_हमालीतोलाई_कपात_नोंदवही_२०२५_२६" असलं नाव कसंबसं बसतं, याहून लांब ठेवणाऱ्यांनी जपा.

आता इलाज. तात्पुरता म्हणजे डेटासाठी नवी डिस्क घ्या आणि ती एक्सएफएस मध्ये फॉरमॅट करा, तिथे आयनोड आधीच छापलेले नसतात, लागतील तसे तयार होतात. ईएक्सटी४ च पाहिजे असेल तर फॉरमॅट करतानाच आय ऑप्शनला १६,३८४ ऐवजी ४,०९६ द्या, चौपट आयनोड मिळतील. सर्व्हर बंद करा, आरसिंकने डेटा हलवा, मालकी तपासा. उबुंटूवर नवा पाथ फाइलींवर पहारा ठेवणाऱ्या अ‍ॅपआर्मरच्या प्रोफाइलमध्ये टाकायला विसरलात तर सगळ्या परमिशन बरोबर असूनही एरर १३ येईल आणि तुम्ही रात्रभर सीएचमॉड मारत बसाल. सेंटओएस, आरएचईएल वाल्यांना हाच त्रास एसईलिनक्सचा. कोड अजिबात बदलायचा नसेल तर ५.७ पासून जनरल टेबलस्पेस आहे, जुन्या वर्षांची शेकडो टेबलं एकाच आयबीडी फाइलीत कोंबता येतात. फाइली झटक्यात कमी. फक्त नंतर टेबल ड्रॉप केलं तर ती जागा त्या फाइलीच्या आतच मोकळी होते, डिस्कला परत मिळत नाही.

पण खरं काम म्हणजे वर्षाचा कॉलम करा. बिल्स_२०२४_२५ आणि बिल्स_२०२५_२६ यांचं स्ट्रक्चर एकच आहे ना? मग एकच बिल्स टेबल, त्यात वर्षाचा कॉलम, इंडेक्समध्ये वर्ष पुढे. ३०० क्लायंट गुणिले ६०, झाली १८,०००, आणि पुढच्या एप्रिलला एकही नवीन टेबल नाही. जुना कोड मोडू नये म्हणून जुन्या नावांचे व्ह्यू (टेबलासारख्या वापरता येणाऱ्या साठवलेल्या क्वेरी) ठेवू शकता, पण ५.७ वर प्रत्येक व्ह्यूचीही एक एफआरएम फाइल होते, तर हे ८.० वर गेल्यावरच. आणि कोणी "वर्षाप्रमाणे पार्टिशन करू" म्हटलं तर थांबवा, पार्टिशन केलेल्या टेबलाच्या प्रत्येक पार्टिशनची वेगळी आयबीडी फाइल असते, आठ वर्षांची आठ पार्टिशनं केली की पुन्हा तेच १,४४,०००. दुकानदाराच्या बिलांना पार्टिशन लागतच नाही, इंडेक्स पुरतो. "क्लायंट म्हणतात डेटा वेगळा पाहिजे" हे मला मान्य आहे, म्हणून डेटाबेस वेगळे राहू द्या, मी फक्त वर्षांचा गुणाकार काढतोय.

शेवटचा प्रश्न नेहमी येतो, पोस्टग्रेसवर, म्हणजे दुसऱ्या डेटाबेस सॉफ्टवेअरवर, नेलं तर सुटेल का. पोस्टग्रेस चांगलंच आहे पण या कारणासाठी नेऊ नका. तिथे एका साध्या टेबलाची, ज्यात एक प्रायमरी की आणि एक टेक्स्ट कॉलम आहे, मुख्य फाइल, इंडेक्सची फाइल, टोस्ट टेबलाची (लांबलचक मजकूर ठेवायचं जोडटेबल) फाइल आणि टोस्टच्या इंडेक्सची फाइल अशा चार फाइली पहिल्याच दिवशी होतात, डेटा भरून व्हॅक्यूम (पोस्टग्रेसची साफसफाई) झाला की मोकळ्या जागेचा नकाशा आणि व्हिजिबिलिटीचा नकाशा अशा अजून दोन. उघड्या फाइलींचा एरर सहसा येत नाही कारण पोस्टग्रेस स्वतःच जुन्या बंद करून नव्या उघडत राहतं, एका प्रोसेसला डिफॉल्ट १०००, पण मग नुसतं हळू होतं आणि कारण सापडत नाही. आणि बॅकअप घेताना पीजीडंप प्रत्येक टेबलावर एक लॉक घेतो, लॉकची जागा डिफॉल्टने ६४ गुणिले १०० कनेक्शन, म्हणजे ६,४०० च्या आसपास. एका डेटाबेसमध्ये त्याच्या बरीच वर टेबलं असली की "आउट ऑफ शेअर्ड मेमरी" येतो, सोबत मॅक्स लॉक्स पर ट्रान्झॅक्शन वाढवा असा हिंटही येतो, तो वाढवून रिस्टार्ट करावं लागतं. तेव्हा आधी आहे तिथेच टेबलं एकत्र करा, मग न्यायचं तिकडे न्या.